तीन काळी पाती

१

हेरंब टाइमकीपर मेला तेव्हा नळाला नुकतंच पाणी आलं होतं, त्यामुळे त्याच्याकडे बघायला काळाचौकीच्या त्या चाळीत कुणालाच सवड नव्हती.

दुपारी साडेतीनला पाणी यायचं आणि चारला जायचं. काशीबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे होती. कट्ट्यापाशी हेरंब पालथा पडलेला तिनं पाहिला, बरगडीखालून रक्त मोरीकडे चाललेलं पाहिलं, आणि आधी हंडा लावला, मग बोंब मारली. तिच्या मागच्या बायकांनी बोंब ऐकली आणि त्यांनीही आपापले हंडे लावले. चार वाजता नळ सुस्कारे टाकून बंद पडला, तेव्हा कुठे कुणीतरी पोलिसांना सांगायला गेलं. तोवर तो जिवंत होता की नव्हता, हे कुणी वाकून पाहिलं नाही.

उगाच नावं ठेवू नका. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. घरातली भांडी मोडीत गेली होती. आणि हा गिरगावचा पांढरपेशा, गिरणीचा टाइमकीपर, पंधरा दिवस वही बगलेत मारून दारोदार फिरत होता, "कामावर येता का? नाव लिहू का?" म्हणून विचारत. चाळीनं त्याला दलाल म्हटलं होतं. दलालासाठी कोण हंडा बाजूला ठेवतो?

संध्याकाळी पाच वाजता फौजदारानं मोरीची जाळी उचकटायला लावली. आतून घडीचा एक चाकू निघाला. पितळी मूठ, काळं पातं. फौजदारानं तो रुमालात धरून जमलेल्या गर्दीला दाखवला.

"रामपुरी," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "फूटपाथवरचा भिकार माल."

गर्दीत शामराव मिस्त्री उभे होते. गिरणीच्या वर्कशॉपचे हेड फिटर, एकतीस वर्षांची नोकरी, बायको वारलेली, जीभ मात्र ठणठणीत. त्यांना कुणी आईवरून शिवी दिली असती तर चाललं असतं.

"ओ साहेब, डोळे आहेत का बटणं?" ते उसळले. "रामपुरी म्हणे! कमानपट्टीचं पोलाद आहे ते. आणि तो काळा म्हणजे रंग नव्हे. कॉस्टिकच्या उकळत्या हौदात बुडवून पोलादच काळं केलंय. वापरा, दहा वर्षांनी झिजेल, पण त्याचा पापुद्रा निघायचा नाही. भिकार माल!"

"म्हणजे तुम्ही बनवला?"

"मी नाही तर कोण?"

"असे किती बनवले, मिस्त्री?"

"तीनच. एक्क्याऐंशीच्या खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी. माझ्या हाताखालून गेलेल्या तिघांना दिले. रामचंद्र, हरेश्वर आणि चंदू."

बोलून गेले आणि मग मिस्त्रींनी जीभ चावली. आता चावून काय उपयोग? फौजदार तिन्ही नावं लिहून घेत होता. उद्या सकाळी तिघांनी आपापला चाकू घेऊन चौकीवर यायचं, असं त्यानं सगळ्यांसमोर बजावलं.

दुसऱ्या दिवशी रामचंद्रानं चाकू दाखवला, हरेश्वरानं दाखवला. चंदूपाशी चाकू नव्हता.

२

चौथ्या दिवशी सकाळी चंदूची बायको मिस्त्रींच्या दारात येऊन उभी राहिली. तुळसा मूळची शीवच्या कोळीवाड्यातली. लालबागच्या बाजारात मासळी विकायची आणि संप सुरू झाल्यापासून नवऱ्याला तीच पोसत होती. ती रडत नव्हती.

"मामा, तुमच्या जिभेनं माझा माणूस आत गेलाय," ती म्हणाली. "आता त्याच जिभेनं बाहेर काढा. मला दुसरं काही नको. माझा माणूस घरी पाहिजे."

मिस्त्रींनी तिच्यासाठी सतरंजी पसरली. तीन रात्री त्यांना झोप नव्हती, आणि का नव्हती हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"बस. चाकू कुठे गेला त्याचा?"

"तो चाकू त्याच्याकडे होताच कुठे! वर्षभर माझ्याच पाटाखाली असतो. बोंबील साफ करायचे, कोलंबी सोलायची, सगळं त्यानंच."

"वर्षभर मासळीत?" मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. "माझ्या काळ्याचं वाटोळं केलं असशील."

"कधीच गेला तुमचा काळा! खारं पाणी, बर्फ, रोज दगडावर घासायचा. धारेकडून पांढरा पडला, मध्ये नुसते गंजाचे ठिपके. बोट फिरवलं तर खड्डे लागायचे. पण कापायचा मात्र झकास. त्या संध्याकाळी गेला तो कुठे, देव जाणे. मला वाटलं बर्फाच्या पाण्याबरोबर फेकला मीच."

"त्या संध्याकाळी म्हणजे खून झाला त्याच दिवशी? किती वाजता?"

"सहानंतर. मी दुपारपासून बाजारात, मला खुनाचं काही माहीतच नव्हतं. सहाला हरेश्वर आला, कोलंबी चिवडली, न घेताच गेला. मग रामचंद्र आला, मांदेलीचा वाटा घेऊन गेला. त्यानंतर सुरमई कापायला घेतली तर चाकू नाही."

"फौजदाराला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतो, बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार." तुळसानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मामा, त्यानं कबूल केलंय."

"मारलं असेल."

"पहिल्या दिवशी मारलं. कबूल केलं दुसऱ्या दिवशी, हात न लावता. मी भेटायला गेले, तर..." ती अडखळली. "तर तो हसत होता, मामा."

३

चाकू आपणच बनवलेला असं लिहून द्यायचं होतं, म्हणून फौजदारानं मिस्त्रींना चौकीवर बोलावलंच होतं. टेबलावर पंचनाम्याचा कागद आणि त्यावर चाकू.

मिस्त्रींनी चष्मा पुसला, पातं उघडलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. रक्त सुकून तपकिरी झालं होतं. त्याखालचा काळा जवळजवळ जसाच्या तसा होता. गंजाचा एक ठिपका नाही. मासळीच्या पाटाखाली वर्ष काढलेलं पातं हे नव्हे, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. मग मिस्त्रींनी धारेवरून नख चालवलं. मुठीजवळ, धार सुरू होते तिथेच, नख अडकलं.

तिथे एक खाच होती, केसाएवढी बारीक. पात्याच्या दोन्ही अंगांना त्या खाचेपासून एक रेघ वर गेली होती, आणि तेवढ्या रेघेतला काळा साफ उडून पोलाद आरशासारखं चमकत होतं. तार कापली तर धारेचे तुकडे उडतात, ओरखडे पडतात. इथे ओरखडा नव्हता. काहीतरी मऊ वस्तू एकाच जागी हजारो वेळा घासली गेली होती.

एकतीस वर्षं मिस्त्री हेच तर बघत आले होते. त्यांनी चाकू मिटून ठेवला आणि चंदूला भेटायचं म्हणाले.

चंदू गजांआड भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. खात्यात याला कधी कुणी चंदू म्हटलं नव्हतं, सगळ्यांचा तो चंद्या. मोर्चात मागे, पगाराच्या रांगेत मागे, भांडणात तर पार संडासात लपलेला.

"मिस्त्री, बाहेर काय म्हणतात लोक?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"अरे गाढवा, तू मारलंस का त्याला?"

"काशीबाई तुळसाकडे तांदूळ देऊन गेली म्हणे. खरं का? आणि काल इथे दारात पन्नास माणसं आली होती. चंदू झिंदाबाद! मी ऐकलं, मिस्त्री. पूर्ण नाव घेत होते."

"चंद्या, फासावर जाशील."

चंदूचा चेहरा उतरला. "तेवढं चंद्या म्हणू नका," तो म्हणाला.

४

हेरंबचं बिऱ्हाड गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर. त्याची बायको पद्मजा पांढऱ्या पातळात खिडकीशी बसली होती. मिस्त्री कोण, कुठले, हे ऐकल्यावर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"एक विचारू?" तीच आधी म्हणाली. "बायका पाणी भरत होत्या, हे खरं?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे वाटलं.

"खरं आहे, वहिनी."

तिनं खिडकी लावून घेतली. मग कोरडेपणानं म्हणाली, "विचारा तुम्हाला काय विचारायचंय ते."

"मरणाआधी ते काही बोलले होते? कुणाबद्दल?"

"आदल्या रविवारी भिवंडीला मावसभावाकडे गेले होते. येताना खुशीत होते. म्हणाले, 'तिथे एक माणूस पाहिला. त्याचं नाव चाळीत उघड केलं की बाकीचे आपणहून कामावर येतील. पण आधी त्यालाच विचारतो. मुकाट्यानं वहीत पहिलं नाव लिहू देतोस, की सांगू सगळ्यांना?' मी म्हटलं, कशाला कुणाला कोंडीत पकडता? तर हसले."

"नाव सांगितलं नाही?"

"नाही. आणि वहीचं पहिलं पान कापलेलं मिळालं. पोलीस म्हणतात, फाटलं असेल."

भिवंडी. मिस्त्री जिना उतरताना कठड्याला धरून थांबले. गिरण्या बंद पडल्यापासून गिरण्यांचंच कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जात होतं. चाळीत त्या गावाचं नाव काढलं तरी लोक थुंकायचे. आणि तिथे लूमवर हात मारणाऱ्या चाळीतल्या माणसाचं काय झालं असतं, हे सांगायला पंचांग बघायला नको.

५

हरेश्वराचं काम पाच मिनिटांत झालं. तो लालबागला रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या फळीवर बसून वायरी सोलायचा. त्याच्या पात्याची अवस्था बघून मिस्त्रींना रडूच आलं. धारेला करवतीसारखे दाते, काळ्यावर तांब्याचे ओरखडे, टोक मोडलेलं.

"हेरंबला तंगडं मोडीन म्हणालास ना चारचौघांत?"

"म्हणालो. मोडणार पण होतो," हरेश्वर हातातली वायर न सोडता म्हणाला. "दुसऱ्यानं नंबर लावला, आपण काय करणार?"

मिस्त्री तिथून थेट चौकीवर गेले, फौजदाराला म्हणाले, "मोरीतला चाकू घ्या आणि माझ्याबरोबर चला." फौजदार कुरकुरत आला. मिस्त्रींचं तोंड त्यानं एकदा अनुभवलं होतं.

रामचंद्राची खोली पहिल्या मजल्यावर. हा चाळीचा आवाज. गेट मीटिंगला घसा फोडून बोलायचा, आणि आठवड्यातले तीन दिवस भल्या सकाळी 'युनियनच्या कामाला' निघून जायचा, तो दिवेलागणीला परत. आज घरात होता. उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं आणि डोळ्यांखाली सूज.

"हाताला काय झालं रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"पोस्टरची खळ उकळताना भाजलं, मिस्त्री. या ना साहेब, बसा."

"चाकू दाखव माझा."

"साहेबांनी बघितलाय की." रामचंद्रानं देव्हाऱ्यातून चाकू काढून दिला. मुठीला हळदकुंकू लागलेलं होतं. "तुम्ही दिलात त्या दिवसापासून देवापुढेच आहे. एक सुपारी कापली नाही त्यानं."

मिस्त्रींनी पातं उघडलं. काळं कुळकुळीत, टोकापासून मुठीपर्यंत आणि पाठीपासून धारेपर्यंत.

"साहेब, हा कोरा चाकू म्हणून तुम्ही परत दिलात?" मिस्त्री म्हणाले. "नीट बघा. धारसुद्धा काळी आहे. मी पातं आधी काळं करतो, धार नंतर सहाणेवर लावतो. माझ्या कोऱ्या चाकूची धार पांढरीच असते. काळी धार माझ्या वर्कशॉपातून बाहेर पडलेलीच नाही."

रामचंद्र हसायला गेला, पण जमलं नाही.

मिस्त्रींनी पात्यावर नख दाबून ओढलं. काळ्याचा पापुद्रा सुटून नखाखाली आला. "माझा काळा झिजतो, सोलून निघत नाही. हा बिब्बा आहे. धोबी कपड्यावर खुणा करतात तो. पात्याला चोपडून स्टोव्हवर धरलाय. आणि बिब्ब्याला हात लावणाऱ्यावर तो उततो, साहेब. फोड येतात, डोळे सुजतात. सोडा ते फडकं. खळीनं भाजलेलं असेल तर मी नाक घासून माफी मागेन."

फडकं कुणी सोडलं नाही. रामचंद्र हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"आता खाली बघा." पापुद्रा सुटलेल्या जागी गंजाचे बारीक खड्डे दिसत होते. "रंग झाकता येतो, खड्डा बुजवता येत नाही. देव्हाऱ्यात खारं पाणी कुठून आलं? हा चाकू चंदूचा, तुळसाच्या पाटाखालचा. मी मूर्खानं पाच वाजता गर्दीत तिघांची नावं घेतली. यानं ती ऐकली, सहाला बाजारात जाऊन मांदेली घेतली आणि मांदेलीबरोबर चाकूही उचलला. कारण याचा स्वतःचा चाकू तुमच्या रुमालात होता. बायकांच्या हंड्यांचा आवाज आला तेव्हा घाबरून मोरीत टाकलेला."

"तो याचाच कशावरून? चंदूचा नाही, हे पटलं. हरेश्वरचा का नाही?" फौजदारानं विचारलं.

"हरेश्वरचा त्याच्या फळीवर आहे, दाते पडलेला. आणि तुमच्या हातातल्या चाकूच्या मुठीजवळची खाच बघा. सूत कापल्याची आहे ती. विणकर तुटका धागा पात्याच्या मुळाशी ओढून तोडतो, दिवसातून शेकडो वेळा. सूत मऊ असतं, पण पोलादालाही खाच पाडतं. एकतीस वर्षं मी सुतानं कापलेले मागाचे लोखंडी आकडे बदलत आलो. रेघ अजून चमकतेय, म्हणजे खाच ताजी आहे. सव्वा वर्ष गिरणगावात एक लूम फिरलेला नाही, साहेब. मग सूत कुठलं? भिवंडीचं. युनियनचं काम म्हणून हा तिथे जात होता, आणि हेरंबनं याला तिथेच पाहिलं."

खाली चौकात कुणीतरी रॉकेलच्या रांगेवरून भांडत होतं.

"घरात चार तोंडं आहेत, मिस्त्री," रामचंद्र शेवटी म्हणाला. आवाज नेहमीसारखाच भरदार होता. "तो वहीत पहिलं नाव माझं लिहून बसला होता. हसत होता. लोकांना कळलं असतं तर उभा फाडला असता मला."

"आणि चंदू? तुझ्या ताटात जेवलेला माणूस! तो फासावर गेला असता ना रे!"

"चंद्याला आधी कोण विचारत होतं? आता विचारतात." त्यानं खांदे उडवले. "मी त्याचं भलंच केलं म्हणा."

मिस्त्रींनी उभ्या जन्मात कुणाला मारलं नव्हतं. त्यांनी त्याच्या थोबाडीत भडकावली आणि मग स्वतःच खाली बसले.

६

रामचंद्राला बेड्या घालून खाली आणलं तेव्हा चाळ चौकात जमली होती. मग काशीबाईनं आवाज दिला, "रामचंद्र झिंदाबाद!" आणि चौक दणाणला.

"अरे, कशाचा झिंदाबाद!" मिस्त्री जिन्यावरून ओरडले. "भिवंडीला लूम चालवत होता हा! तुमच्या पोटावर पाय देत होता! स्वतःचं बिंग फुटेल म्हणून मारलं त्यानं!"

"खोटं!" काशीबाई किंचाळली. "पोलिसांचा माणूस तू! दलालाला मारलं म्हणून वाघाला पकडून दिलंस!"

रामचंद्रानं बेड्यांचे हात वर केले, आणि बोटांच्या फोडांसकट मूठ वळून दाखवली. त्याला जमत होतं ते. मिस्त्रींचं बोलणं घोषणांत बुडून गेलं.

त्याच संध्याकाळी काशीबाईनं तुळसाच्या दारातून तांदळाची पिशवी उचलून नेली. अर्धी रिकामी झाली होती, ती अर्धीच नेली. बाकीच्यांनी तेल नेलं, डाळ नेली. दुसऱ्या दिवशी तुळसा बाजारात बसली, तर चाळीतल्या बायका तिच्या पाटासमोरून नाकाला पदर लावून गेल्या.

रामचंद्राला पकडल्यावर चौथ्या दिवशी चंदूला सोडलं. मिस्त्री त्याला घरी पोचवायला बरोबर होते. जिन्यावर माणसं होती, पण कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही, नुसती बाजूला झाली. हरेश्वर भेटला. "मित्राला अडकवून सुटलास काय रे, चंद्या?" म्हणाला आणि वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघून गेला.

तुळसानं भात वाढला. चंदू ताटासमोर बसला, पण हात लावेना.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मिस्त्री?" तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं," तुळसा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण असं परक्यासारखं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

खाली चौकात रामचंद्राच्या नावाची सभा सुरू झाली. चंदू कान देऊन ऐकत होता. मग एकदम उठला, गॅलरीत गेला, आणि कठड्यावर वाकून सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडला, "रामचंद्र झिंदाबाद! रामचंद्र झिंदाबाद!"

खालचा गोंगाट थांबला. सगळ्यांनी माना वर केल्या. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि मग अख्खा चौक हसायला लागला. चंदू ओरडतच राहिला. घोगरा झाला तरी थांबेना.

मिस्त्री उठले. चप्पल सापडेना. तुळसानं ती शोधून त्यांच्या पायापुढे ठेवली.

"मामा, तुम्ही माझा माणूस आणून दिलात," ती हळूच म्हणाली. "आता याला ठेवू कुठे, तेवढं सांगा."

मिस्त्रींनी चप्पल पायात सरकवली. ते जिना उतरून गेले.